दुपारी एक ते साडेतीन

चष्म्याचा स्क्रू पडला तो मळ्याच्या उतारावर,
एका निळ्या भिंतीशी.
उजवी काडी हातात आली
आणि पणजी थोडी डावीकडे कलली.

गुडघ्यांवर बसून शोधत होते.
खिडकीतून एक म्हातारे म्हणाले, "कितें पडलें गो?"
स्क्रू, म्हटलं.
"ल्हान मू तो," ते म्हणाले, "मेळचो ना."
आणि खिडकी ओढून घेतली.
शिंपल्यांची तावदानं तिची,
उजेड आत घेणारी, माणूस बाहेर ठेवणारी.

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली.
पांगमांचा मुलगा वाकून बाहेर येत होता,
काखेत रिकामा डबा.
"मागीर येयात," म्हणाला, स्कूटरला लाथ मारून गेला.
मागीर म्हणजे किती वाजता,
ते दारावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं.
पुठ्ठा वाचायला चष्मा हवा होता.

निपाणीत दुपारी माणसं गल्ल्यावर बसून पेंगतात,
गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडतात.
इथे दुपार म्हणजे घरी जायचं,
पालथं पडायचं,
हिशेबाला उद्या नाहीतर परवा आहेच.
दोन महिने झाले बदलीला,
अजून माझी दुपार उभीच असते.

मग हिंडले.
काच एका डोळ्यापुढे धरून,
जुन्या फोटोतल्या मडमेसारखी.
काच धरली की एक केक: तीन मजली, प्लास्टरचा,
वरच्या नवरदेवाचं नाक उडालेलं.
काच काढली की नुसतं ढग.
किराणा दुकानात टांगलेली चोरीस
मला पोवळ्यांच्या माळा वाटली.
एका शिंप्याच्या ओसरीवर
बिनडोक्याच्या पुतळ्याला मी वाट विचारणार होते,
थोडक्यात वाचले.
लॉटरीवाला झोपला होता,
तिकिटं तेवढी जागी.

बागेत आले तर बाकाखाली मांजर.
तपकिरी, अंग चोरून बसलेलं.
आधी नुसतं "काय रे" म्हटलं.
मग घरमालकिणीचं सांगितलं,
एर्मेलिंदाबाई रोज जिन्यात गाठून
बांगड्याचा भाव सांगतात,
तो वाढला की भाडं वाढणार असं मला वाटत राहतं.
मग बँकेतलं सांगितलं.
मग ते एक, जे आईला फोनवर
दोनदा सांगायला घेतलं
आणि दोनदा पावसाविषयी बोलले.
मांजर ऐकत होतं.
शेपूटसुद्धा हलवलं नाही त्याने.
माळी नळी घेऊन फिरत होता,
माझ्याकडे बघून त्याने पाणी
जरा लांबूनच वळवलं.

चर्चकडून घंटा झाली असेल, मला नीट कळली नाही.
शटरं मात्र कळली.
एक वर गेलं, मग पलीकडचं, मग रांगेने सगळी,
अख्खी गल्ली जांभया देत उठल्यासारखी.

थोरल्या पांगमांनी डबीत शेकडो स्क्रूंमधून
चिमट्याने एक उचलला,
पिळला, शर्टाच्या टोकाने काच पुसली.
"स्क्रूचे पयशे कोण घेता?"
बाहेर आले तर सगळ्याला कडा आलेल्या.
घराच्या आकड्याच्या फरशीवर निळा मासा,
माशाला खवले,
माझ्या सलवारीवर गुडघ्यांचे दोन मातीचे ठसे
कधीपासूनचे.

परत बागेत गेले. कशाला, विचारू नका.
बाकाखाली काही नव्हतं.
सगळी जमीन भिजलेली
आणि मधोमध एक कोरडा गोल,
ताटाएवढा.
"इथे मांजर होतं ना?" माळ्याला विचारलं.
तो नळी गुंडाळत होता.
"कोण जाणा," म्हणाला,
"कोणाची तरी पोती उरलेली आसतली."
पोतं म्हणाला की पोटी, की आणखी काही,
विचारेपर्यंत तो गेला.

कोपऱ्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
दोन उंडे घेतले.
एक रस्त्यातच खाल्ला, गरम होता.